आटगावहून रेसकोर्सला

गन्स एन रोझेसचं तिकीट काढलं म्हटल्यावर ओळखीतल्या रॉकवेड्यांकडून अभिनंदन कमी आणि इशारेच जास्त आले. "अ‍ॅक्सलचा आवाज गेलाय रे आता." "इझी नाही, अ‍ॅडलर नाही, मग ते गन्स कसले?" "पैशासाठी एकत्र आलेत, दुसरं काही नाही." एकाने तर हातच जोडले. "कॅसेटमध्ये आहे तेवढं पुरे. प्रत्यक्ष बघून तेही घालवू नकोस." हे बोलणारे सगळे या बँडवर तीस-पस्तीस वर्षं जीव टाकत आलेले. तिऱ्हाइताने म्हटलं असतं तर मी कानाआड केलं असतं. आपल्यातल्यांनीच म्हटलं, म्हणून लागलं.

17 मे 2025, शनिवार, महालक्ष्मी रेसकोर्स. कार्यक्रम होतो की नाही, इथपासूनच धाकधूक होती. 7 मेला ऑपरेशन सिंदूर झालं, सीमेवर तोफा धडाडल्या, आयपीएल थांबली. 10 तारखेला शस्त्रसंधी झाली, तरी परदेशातली मंडळी येतीलच असं छातीठोक कोणी सांगेना. अशा दिवसांत गाण्याबजावण्याची चिंता करावी का, असं मनात यायचं, आणि तरीही सकाळी उठल्यावर पहिल्यांदा रद्द झाल्याची बातमी नाही ना, हे फोनवर बघितलं जायचं. थांबलेली आयपीएल ज्या दिवशी पुन्हा सुरू झाली, त्याच दिवशी दुपारी आम्ही घर सोडलं.

आटगाव कसारा लाइनवर, सीएसएमटीपासून साधारण 95 किलोमीटर. हायवेच्या कडेने कारखाने आणि गोदामं उभी राहिली आहेत. आत वळलं की तानसाचं जंगल. कल्याणच्या पुढे लोकल विरळ होत जातात, त्यामुळे इथला माणूस घड्याळ बघून जेवतो आणि घड्याळ बघूनच पाहुण्यांना उठवतो. एक गाडी चुकली की पुढचा सगळा दिवस चुकतो. आम्ही म्हणूनच बरेच आधी निघालो होतो. फलाटावर ठाकरवाडीच्या दोघी बायका करवंदांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. पानाच्या द्रोणात करवंदं, वर मिठाची चिमूट. माझ्या पुतण्याने दोन द्रोण घेतले. काळ्या टी-शर्टवर बंदुका आणि गुलाब, आणि बोटं करवंदाच्या चिकाने चिकट झालेली. त्यातल्या एकीने त्याच्या छातीवरच्या कवट्यांकडे बघून विचारलं, "कुठं चाललास रे बाबा असा?" तो म्हणाला, "गाणी ऐकायला, मावशी." तिने आणखी चार करवंदं द्रोणात टाकली.

आटगाव सुटलं की मुंबईकडे जाताना उजव्या हाताला माहुलीची रांग येते. भटोबा, नवरा, नवरी हे सुळके उन्हात स्वच्छ दिसत होते. आसनगाव गेलं. वाशिंदला आमचा एक मित्र चढला. खडवलीच्या पुलाखाली भातसा नदीत शनिवारची पोरं डुंबत होती. या लाइनवरून जाताना एक गोष्ट माझ्या डोक्यातून कधी जात नाही. तानसाचं धरण 1892 सालचं. तेव्हापासून आमच्या तालुक्यातलं पाणी मुंबईला जातंय, आणि आज मुंबईच्या एकूण पाण्यापैकी जवळजवळ निम्मं एकटं भातसा देतं. त्याच शहापूर तालुक्यात मे महिन्यात कित्येक पाडे टँकरची वाट बघत असतात. आमच्याकडून मुंबईला जे जायचं ते वेळेवर जातं. मुंबईहून आमच्याकडे यायचं ते मात्र उशिरा येतं. संगीताचंही आमच्या बाबतीत तेच झालं.

'अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' 1987 च्या जुलैत अमेरिकेत निघाली. आमच्या हातात ती पडली तोवर नव्वदचं दशक लागलं होतं, आणि जी पडली ती कॉपीची कॉपी होती. कल्याणला एक दुकानदार कोऱ्या कॅसेटवर इंग्रजी गाणी भरून द्यायचा. त्याला कुणीतरी मुंबईहून आणून दिलेली टेप, तिच्यावरून त्याची टेप, तिच्यावरून आमची. दोन्ही बाजूंची नावं बॉलपेनने लिहिलेली, त्यातही निम्मी चुकीची. खरखर तर होतीच, शिवाय डेकच्या वेगात काहीतरी फरक असावा, कारण आमच्या कॅसेटमध्ये अ‍ॅक्सल रोझ थोडा खालच्या पट्टीत आणि थोडा संथ गायचा. आम्हाला तोच खरा अ‍ॅक्सल. पुढे केबल आली, गावातल्या एका घरात 'नोव्हेंबर रेन'चा व्हिडिओ लागला, चर्चमधून बाहेर येऊन मोकळ्या माळावर गिटार वाजवणारा स्लॅश आम्ही पहिल्यांदा हलताना पाहिला, आणि मुरबाडचा मित्र म्हणाला, "हे फास्ट वाजतंय. आपलं बरोबर आहे."

आता सांगा, आमच्यासारख्याने मूळ आवाज गेला म्हणून रडायचं तरी कुठल्या आवाजासाठी?

कल्याणला तो मुरबाडचा मित्र चढला. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड मार्गाच्या घोषणा ऐकत आमची एक पिढी म्हातारी झाली. तो एसटीने कल्याणला येतो आणि मग गाडी पकडतो. आमच्यात रियुनियनला सगळ्यात कडवा विरोध त्याचा. तिकीट मात्र त्याने सगळ्यांच्या आधी काढलं होतं. पुतण्याने विचारलं, "काका, पटत नाही तर येताय कशाला?" तो म्हणाला, "बघायला येतोय. माफ करायला नाही."

त्याचा राग कशावर, हे समजायला थोडा इतिहास लागतो. हा बँड पाच जणांचा: अ‍ॅक्सल रोझ, स्लॅश, डफ मॅकेगन, इझी स्ट्रॅडलिन आणि ड्रमवर स्टीव्हन अ‍ॅडलर. 1990 मध्ये अ‍ॅडलरला काढलं. 1991 मध्ये इझी निघून गेला, 1996 मध्ये स्लॅश, 1997 मध्ये डफ. नाव राहिलं एकट्या अ‍ॅक्सलकडे. त्याने नवी माणसं घेतली, नुसती वाट बघायला लावली, आणि अखेर 2008 मध्ये 'चायनीज डेमोक्रसी' काढली. 2012 मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा स्लॅश, डफ आणि अ‍ॅडलर गेले. अ‍ॅक्सलने पत्र पाठवून येत नसल्याचं कळवलं. त्याच वर्षी कुणीतरी विचारलं, पुन्हा एकत्र येणार का? त्याचं उत्तर होतं, या जन्मी तरी नाही. चार वर्षांनी, 1 एप्रिल 2016 ला, लॉस एंजेलिसच्या ट्रूबाडोर या लहानशा क्लबात अ‍ॅक्सल, स्लॅश आणि डफ एका रंगमंचावर उभे राहिले, आणि पुढच्या जगभरच्या दौऱ्याला त्याच उत्तराचं नाव दिलं गेलं. त्या दौऱ्याची कमाई 58 कोटी डॉलरच्या वर गेली. इझी त्यात नव्हता. सारखे वाटे करायला ते तयार नव्हते, असं त्याने जाहीरपणे सांगितलं. अ‍ॅडलरला काही मोजक्या कार्यक्रमांत एखाददुसऱ्या गाण्यापुरतं बोलावलं, बस.

मुरबाडकर याच गोष्टीवर अडून बसतो. 'पेशन्स', 'यू कुड बी माइन', 'मिस्टर ब्राउनस्टोन' यांत इझीचा हात आहे, तो नसता तर ही गाणीच नसती; मग त्याला वाटा का नाही? या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मला ते शोधायचंही नाही. त्याचं बरोबर आहे. बँडवर प्रेम आहे म्हणून त्याने केलेला अन्याय गिळावा, असं मला वाटत नाही.

पण "पैशासाठी एकत्र आले" हे वाक्य मात्र मला पटत नाही. आमच्या शहापूर-मुरबाडकडे लग्नसराईत बेंजो पार्टी असते. बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोल-ताशे. हळदीच्या रात्री तिच्याशिवाय मांडव हलत नाही. आमच्या शेजारच्या गावातली एक पार्टी एका काळी इतकी गाजत होती की तिची सुपारी मिळेल तशी लग्नाची तारीख धरली जायची. मग फुटली. कारण तेच: सुपारी एवढी, वाजवणाऱ्याच्या हातात मात्र एवढंच. बेंजोवाला आणि कीबोर्डवाला समोरासमोर आले तर मान वळवायचे. बऱ्याच वर्षांनी एका हळदीला ते पुन्हा एकत्र वाजले. पैसे भरपूर होते, हे सगळ्यांना माहीत होतं. पहिलं गाणं सुरू झालं, बेंजोवाल्याने एक जागा घेतली आणि कीबोर्डवाल्याने न बघता तिला जोडून पुढची घेतली. इतक्या वर्षांत ती जागा दोघांच्याही बोटांत तशीच होती. पैशाने माणसं एका मांडवात आणता येतात. पुढचं पैशाने होत नाही. ज्याचं पोट वाजवण्यावर आहे त्याने पैसे मागू नयेत, ही अपेक्षा तर मला निर्दयच वाटते.

वाशिंदच्या मित्राची जखम वेगळी. डिसेंबर 2012 मध्ये गन्स एन रोझेस पहिल्यांदा मुंबईत आले, तेव्हा तो गेला होता. तेव्हा स्लॅश नव्हता, डफ नव्हता. गिटारवर रिचर्ड फोर्टस, बम्बलफूट, डीजे अश्बा होते. सगळे उत्तम वाजवणारे. त्यांच्याविषयी तो आजही वावगं बोलत नाही. पण तो सांगतो, "'स्वीट चाइल्ड'ची सुरुवात वाजली, सूर न् सूर बरोबर. आणि मला रडायला आलं, ते आनंदाने नाही." त्यामुळे या वेळी त्याला आवाजाशी काही देणंघेणं नव्हतं. डोक्यावर काळी उंच टोपी घातलेला तो माणूस आणि त्याच्या हातातली लेस पॉल गिटार, एवढं त्याला बघायचं होतं.

आणि पुतण्या? तो बावीस वर्षांचा. त्याने हा बँड रील्समध्ये ऐकला, मग स्वतः गिटार शिकला. त्याच्या लेखी फूट, वाद, वाटे हे सगळं इतिहासाच्या पुस्तकातलं. पाचही माणसं एकत्र होती तेव्हा तो जन्मालाही आला नव्हता. "तुम्ही लोक तिघे आलेत याचा आनंद करायचा सोडून दोघे आले नाहीत हे मोजताय," असं तो ठाण्याच्या आसपास म्हणाला. मुरबाडकराने त्याला सुनावलं, "तू मोजत नाहीस कारण तुझं काही हरवलेलं नाही." डब्यात काही वेळ कोणी बोललं नाही. मला दोघांचंही बोलणं खरं वाटलं.

दादरला उतरून पूल ओलांडायचा आणि वेस्टर्नची स्लो पकडायची. त्या पुलावरच काळे टी-शर्ट दिसू लागले. महालक्ष्मी स्टेशनला एका अंगाला धोबीघाट, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरी, आणि दुसऱ्या बाजूने रेसकोर्सकडे वळलेला लोंढा. पन्नाशीतले, साठीतले पुरुष, पोट सुटलेले, टक्कल पडलेले, पण अंगात कॉलेजच्या दिवसांतला विटका टी-शर्ट. काहींबरोबर मुलं, काहींबरोबर मुली. नागालँड, मिझोरम, मेघालयातून आलेली तरुण मंडळी गटागटाने गात चालली होती. रॉक ऐकावं तर ईशान्येच्या लोकांनी. कोकणी बोलणारी दोन कुटुंबं आमच्या पुढे होती. एका बाईंनी काळ्या टी-शर्टवर मंगळसूत्र घातलं होतं आणि आपल्या मुलीला त्या सांगत होत्या, बाबांनी मला पहिली भेट दिली ती या बँडची कॅसेट.

उघड्या मैदानात रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे. त्यामुळे मुंबईत असे कार्यक्रम दिवस असतानाच रंगू लागतात. आमच्यासारख्या लोकलच्या वेळापत्रकावर जगणाऱ्यांना हा नियम देवासारखा वाटतो. आत उकाडा असा की उभ्या उभ्या सदरा भिजत होता. वाट बघताना मुंबईच्या स्वतःच्या रॉकची आठवण निघणं साहजिक होतं, कारण आजूबाजूला रंगभवन पाहिलेले लोक होते. धोबीतलावचं ते उघडं नाट्यगृह, सेंट झेवियर्सला लागून. 1986 पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक व्हायचा आणि देशभरातले बँड एका रांगेत वाजायचे. तिथल्या गाजलेल्या बँडांपैकी रॉक मशीन हा 1984 चा. इतर जण परदेशी गाण्यांच्या नकला करत होते तेव्हा या मुलांनी स्वतःची गाणी लिहिली. उदय बेनेगल गायचे, महेश तिनईकर गिटार वाजवायचे. 1993 मध्ये त्यांनी इंडस क्रीड हे नाव घेतलं, 1997 मध्ये बँड थांबला, 2010 मध्ये पुन्हा जमला, 2012 मध्ये 'इव्हॉल्व' हा नवा अल्बम आला. मला या पुनरागमनाचं फार कौतुक आहे. जुनी गाणी वाजवून टाळ्या घेणं सोपं होतं. ते नवीन लिहायला बसले. पण ते परत आले तोवर रंगभवनातलं रॉक संपलं होतं. आसपास इस्पितळं आणि कॉलेजं, शांतता क्षेत्र जाहीर झालं, आणि मोठ्या आवाजातले कार्यक्रम तिथे बंद झाले. शेजारी उभे असलेले एक काका म्हणाले, "बँड परत आला, घर गेलं." गोरेगाव, अंधेरी, डोंबिवलीहून पोरं लोकलने यायची, असं ते सांगत होते. त्यांनी कसाऱ्याचं नाव घेतलं नाही. आमच्याकडे त्या कार्यक्रमांची बातमीच पोचत नसे.

'वेलकम टू द जंगल'ने सुरुवात झाली. गिटारचा तो घुमत वर चढणारा आवाज आला आणि हजारो लोकांनी एकदम श्वास सोडला. पडद्यावर स्लॅश दिसताच वाशिंदचा मित्र मटकन खाली बसला आणि लगेच उठला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते त्याचं त्याच्यापाशी राहू द्यावं असं वाटलं.

आवाजाचं सांगायला हवं, कारण सगळा वाद त्यावरच आहे. अ‍ॅक्सल तेव्हा 63 वर्षांचा होता. वरच्या पट्टीतली ती फाटत जाणारी, अंगावर येणारी किंकाळी आता नाही. तिथे पातळ, नाकातला एक आवाज येतो, आणि काही ओळी तर त्याच्या हातून निसटून जातात. आवाज गेलाय म्हणणारे खोटं बोलत नव्हते. पण खालच्या सुरात तो अजून भरदार आहे, आणि ज्या गाण्यांत तो खाली उतरतो तिथे माझ्या अंगावर काटा आला. त्या खालच्या सुरात मला कल्याणच्या दुकानातली ती संथ कॅसेट ऐकू आली. मुरबाडकराने माझा दंड घट्ट पकडला. त्यालाही ती ऐकू आली असणार.

वयाबरोबर बदललेला आवाज ऐकायची सवय मराठी माणसाला नाही, असं कोणी म्हणू नये. 2007 च्या सवाई गंधर्व महोत्सवात पंडित भीमसेन जोशी गायला बसले, तेव्हा त्यांचं वय 85 होतं. तो महोत्सव त्यांनीच उभा केलेला. त्या दिवशी मंडपात बसलेल्यांपैकी कोणी त्यांच्या तरुणपणीच्या तानांशी ताळा मांडायला गेलं नव्हतं. त्या सुरांत उरलेलं सगळं लोकांनी ओंजळीत घेतलं. शास्त्रीय गाणाऱ्याला आपण म्हातारं होऊ देतो. रॉक गाणाऱ्याला मात्र पंचविशीतच राहायला सांगतो, कारण त्या संगीताने तारुण्याचीच भाषा केली. ही त्या माणसांवर जबरदस्ती आहे. डफ मॅकेगनचं स्वादुपिंड 1994 मध्ये दारूने फुटलं होतं. तेव्हा तो तिशीचा होता आणि मरता मरता वाचला. स्लॅशच्या हृदयाने 2001 मध्ये हात टेकले होते; डॉक्टरांनी काही आठवड्यांची मुदत दिली होती आणि छातीत यंत्र बसवलं. ही माणसं माझ्यासमोर उभी होती, एक 61 वर्षांचा, एक 59 चा, आणि दोघांचेही हात जराही अडखळत नव्हते. मागे ड्रमवर आयझॅक कार्पेंटर हा नवा माणूस, त्याच वर्षी बँडमध्ये आलेला. तो जोमाने वाजवत होता. तरीही काही जागांवर मला अ‍ॅडलरचा तो झुलता, किंचित मागे रेलणारा ठेका आठवला. तो कोणाला शिकवता येत नाही.

'स्वीट चाइल्ड'ची सुरुवात. हा सुरांचा तुकडा स्लॅशने मुळात बोटं मोकळी करण्यासाठी गिरवलेला, असं सांगितलं जातं. मी पुतण्याकडे बघत होतो. त्याच्या डाव्या हाताची बोटं हवेत बरोबर त्या पट्ट्यांवर फिरत होती, उजव्या हाताची पँटवर. घरी तो हा तुकडा रोज वाजवतो आणि तिसऱ्या वळणावर अडखळतो. इथे तो मुकाट्याने त्या वळणावरून गेला आणि माझ्याकडे बघून हसला. त्याच क्षणी वाशिंदचा मित्र रडत होता, आणि या वेळी कारण विचारायची गरज नव्हती.

'नोव्हेंबर रेन'ला अ‍ॅक्सल पियानोवर बसला. सगळ्या मैदानावर फोनचे दिवे लागले. मुरबाडकराने फोन काढला नाही. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "चांगलं झालं. पण इझी असायला हवा होता." 'पॅराडाइज सिटी'ने शेवट झाला. लोक नाचत होते, आणि तो नाचता नाचताही मान हलवत होता. त्याने माफ केलं नाही. तो नाचला मात्र मनापासून.

परतताना दादरच्या फलाटावर कसारा लोकलची वाट बघत आम्ही चौघं उभे होतो. सगळ्यांचे कान बधिर झालेले, त्यामुळे ओरडून बोलणं चाललेलं. तीन माणसांनाच गन्स एन रोझेस म्हणायचं का, हा वाद कल्याणपर्यंत पुरला. मुरबाडकर तिथे उतरला. इतक्या रात्री एसटी नसते, म्हणून तो बहिणीकडे थांबणार होता. उतरताना त्याने पुतण्याला सांगितलं, "तू ती जुनी कॅसेट ऐकायला ये एकदा. इझीची गिटार डाव्या बाजूला ऐकू येते." पुतण्याने विचारलं, "काका, टेप चालतो का अजून?" "चालतो."

टिटवाळ्याच्या पुढे डबा रिकामा झाला, आणि मला त्या रंगभवनवाल्या काकांचं बोलणं आठवत राहिलं. आम्ही पंचविशीचे होतो तेव्हा हा बँड पंचविशी-तिशीत होता, आणि आमच्यापर्यंत तो पोचला तो साठीला टेकल्यावर, दोन माणसं गाळून. माझ्यासाठी हे रियुनियन नव्हतंच. माझी ती पहिली भेट होती, म्हणून मी तिचा आनंद पुरेपूर घेतला आणि घेतल्याबद्दल मला जराही संकोच नाही. आवाज, वाटे, पैसे यांवरून जे घरीच थांबले, त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. पण ते जर आमच्या बाजूचे असतील, तर त्यांनी यायला हवं होतं, असंच माझं मत आहे.

आता मागणं एवढंच. माझ्या पुतण्यासारखी गिटार वाजवणारी पोरं आज शहापूर, मुरबाड, वाशिंद, बदलापूर सगळीकडे आहेत. आदिवासी पाड्यांवरही आहेत. त्यांचे बँड तयार होतात, वाजवायला जागा नाही म्हणून वर्षभरात फुटतात. रंगभवन परत मिळेल, असं मला वाटत नाही, आणि इस्पितळाशेजारी मोठा आवाज नको हेही मान्य आहे. पण कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, ठाण्यात गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह आहे. बंदिस्त सभागृहं आहेत, पहिली दोन तर रेल्वेपासून जवळ आहेत. महापालिकांनी त्यातली महिन्याची एक संध्याकाळ, परवडेल अशा भाड्यात, या पोरांच्या बँडना द्यावी. शेवटच्या कसारा लोकलच्या आत कार्यक्रम संपवा, तिकीट शंभर-दोनशे ठेवा. आम्ही आटगावहून येऊ.